वर्ड उघडेना तेव्हा

ही पुस्तिका संगणक शिकवत नाही. ज्यांना वर्डमध्ये पत्र लिहिता येतं, गणेशोत्सवाचं पत्रक लावता येतं, व्हिसाच्या अर्जासोबतचं निवेदन टंकता येतं, आणि एके दिवशी तेच वर्ड उघडायचं नाव घेईना की ज्यांचा धीर सुटतो, त्यांच्यासाठी ती आहे. ऑस्ट्रेलियातल्या मराठी घरांत अशी मंडळी भरपूर. गंमत अशी की त्याच घरांत आयटीत नोकरी करणारं कुणी ना कुणी असतंच. पण दिवसभर बँकेचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला घरच्या लॅपटॉपवरचं वर्ड का रुसलंय ते सांगता येईलच असं नाही, आणि आईवडिलांना हे कधी पटत नाही. "एवढा कॉम्प्युटर इंजिनिअर झालास, आणि साधं वर्ड उघडून देता येईना?" हे वाक्य सिडनीच्या वेंटवर्थव्हिलपासून मेलबर्नच्या पॉइंट कुकपर्यंत एकाच सुरात ऐकू येतं.

त्यातून हे प्रश्न बरेचदा फोनवरच सोडवायचे असतात. आईबाबा सांगलीत, मुलगी मेलबर्नला. दिवाळीच्या सुमारास इकडची घड्याळं तासभर पुढे गेलेली असतात, म्हणजे फरक साडेपाच तासांचा. तिची जेवणं आटोपून रात्रीचे दहा वाजतात तेव्हा सांगलीत साडेचार, चहाची वेळ. (ब्रिस्बेनवाले घड्याळाला हात लावत नाहीत, त्यांचा फरक बारा महिने साडेचार तास.) तेवढ्या वेळात एकाने पडद्यावर काय दिसतंय ते सांगायचं आणि दुसऱ्याने न बघता ओळखायचं. अशा वेळी "वर्ड उघडत नाही" एवढ्यावर भागत नाही, कारण चार अगदी निराळ्या गोष्टींना माणसं हेच म्हणतात. चित्रावर क्लिक केलं, गोल फिरलं आणि पुढे काही झालं नाही. किंवा वर्ड आलं, पण पांढरंफटक होऊन थिजलं. किंवा वर्ड छान उघडलं, एक ठरावीक फाइल तेवढी उघडेना. किंवा फाइलही उघडली, पण आत मराठीच्या जागी भलतंच काहीतरी. चौघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर वेळ जातोच, कधी कधी मजकूरही जातो. तेव्हा या पुस्तिकेचा आग्रह एकच आहे: दुरुस्तीला हात घालण्याआधी तक्रार नीट सांगा. पुष्कळदा उत्तर तिच्यातच सापडतं.

टंकयंत्राच्या काळात हे सोपं होतं. गोदरेजच्या मराठी यंत्राची दांडी अडकली की अडकलेली दिसायची, फीत वाळली की अक्षर फिकट उमटायचं. वर्डचा बिघाड असा दिसत नाही, आणि तो बहुतेक वेळा वर्डमध्ये नसतोही. १९८३ साली चार्ल्स सिमोनी आणि रिचर्ड ब्रॉडी यांनी घडवलेलं पहिलं वर्ड आजच्या मानाने बेताचं होतं. आजचं वर्ड उघडताना बऱ्याच जणांना गाठून येतं. नवा कोरा कागद कसा असावा हे ठरवणारा 'नॉर्मल' नावाचा साचा वाचतं. इतर कंपन्यांनी त्याला चिकटवलेली जोडकामं, म्हणजे ॲड-इन, जागी करतं. नेमलेल्या प्रिंटरकडे चौकशी करतं, फॉन्टची यादी बघतं, वर्गणी भरली आहे का ते इंटरनेटवर तपासतं. यातल्या एकाने जरी उत्तर दिलं नाही, तरी आपल्याला दिसतं ते एवढंच, की वर्ड उघडत नाही.

म्हणून पहिली कसोटी वर्डला या गोतावळ्यातून बाहेर काढण्याची. कीबोर्डवरची कंट्रोल कळ दाबून धरायची आणि वर्डच्या चित्रावर नेहमीसारखं दोनदा क्लिक करायचं. छोटी चौकट येईपर्यंत कळ सोडायची नाही. 'सेफ मोडमध्ये उघडायचं का?' असं ती विचारते, हो म्हणायचं. आता वर्ड जोडकामं बाजूला ठेवून उघडतं आणि वरच्या पट्टीवर सेफ मोड असं लिहिलेलं दिसतं. असं उघडलं, तर वर्ड धडधाकट आहे, दोष सोबत्यांपैकी कुणाचा तरी आहे, आणि वर्ड काढून पुन्हा टाकायच्या खटपटीत पडू नये. असं करूनही उघडलं नाही, तरच मूळ प्रोग्रामकडे संशयाने बघायचं.

हा एक निकाल हाती आला की पुढची वाट निम्मी होते. ॲड-इनची यादी वर्डच्या ऑप्शन्समध्ये असते. सगळ्यांच्या खुणा काढायच्या, वर्ड नेहमीसारखं उघडतंय ना बघायचं, मग एकेक खूण परत करत जायचं. ज्याला परत बोलावल्यावर वर्ड पुन्हा अडलं, तो चोर. पीडीएफ बनवणारी, संदर्भ लावून देणारी, ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीने टाकलेली अशी जोडकामं यात वारंवार सापडतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र तिथेच थांबावं आणि ऑफिसच्या आयटीवाल्यांना कळवावं. घरी बसून त्यात हात घालणं नोकरीच्या दृष्टीने शहाणपणाचं नाही.

नॉर्मल साच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याची भीती विनाकारण आहे. ही एक छोटी फाइल असते आणि वर्ड तिच्यात अधूनमधून लिहीत असतं. वर्ड चालू असताना वीज गेली, किंवा डिस्क गच्च भरली, की ती अर्धवट लिहिली जाऊन बिघडू शकते. उपाय असा: वर्ड पूर्ण बंद करायचं, आपल्या खात्याच्या टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये ही फाइल शोधायची आणि तिचं नाव बदलायचं. नाव बदला, फाइल पुसू नका. नॉर्मलच्या पुढे 'जुनं' असं जोडलं तरी पुरे. पुढच्या वेळी वर्डला आपला साचा सापडत नाही आणि ते निमूटपणे नवा बनवतं. कागदपत्रांना काही होत नाही. जातं ते तुम्ही स्वतः बसवलेलं फॉन्टचं माप, आखलेल्या शैली, मॅक्रो, साठवलेले मजकुराचे तुकडे. ते हवेच असले, तर 'जुनं' म्हणून ठेवलेली फाइल आहेच. ही कृती करताना लोकांचा हात थरथरतो, आणि तेच लोक 'सगळं अनइन्स्टॉल करतो' म्हणताना बिनधास्त असतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

प्रिंटरचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. पान कुठे तुटणार, समास किती, हे ठरवताना वर्ड नेमलेल्या प्रिंटरला विचारतं. घर बदललं, जुना प्रिंटर रस्त्याकडेला कौन्सिलच्या उचल-दिवशी ठेवून आलात, पण संगणकाच्या लेखी अजून तोच नेमलेला आहे. मग वर्ड त्या परागंदा प्रिंटरची वाट बघत थिजतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन नेमणूक पीडीएफ करणाऱ्या आभासी प्रिंटरकडे द्यायची आणि पुन्हा उघडून बघायचं. भाड्याची घरं बदलत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी गंमत घरून काम करणाऱ्यांची. वर्ड उघडतं, पण काल जोडलेल्या मोठ्या पडद्यावर, जो आज जोडलेलाच नाही. खालच्या पट्टीवरच्या चित्रावर बाण नेला आणि खिडकीचं छोटं प्रतिबिंब दिसलं, तर वर्ड उघडलेलं आहे, नजरेच्या टप्प्याबाहेर आहे इतकंच. ऑल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाणाची कळ दाबली की ती खिडकी ओढून आणता येते. पांढरंफटक होऊन थिजणं हे बरेचदा चित्रकार्डाशी न पटल्याने होतं. बऱ्याच आवृत्त्यांच्या ऑप्शन्समध्ये हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करायची खूण असते. आणि काहीच होत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर बघावा. आधीचं वर्ड आत अर्धमेलं पडून असतं, ते संपवलं की नवं उठतं.

यानंतरही अडलं तरच रिपेअर. विंडोजच्या ॲप्सच्या यादीत ऑफिसपुढे मॉडिफाय आहे, त्यात दोन पर्याय येतात. क्विक रिपेअर इंटरनेटशिवाय, थोड्या वेळात उरकतो. ऑनलाइन रिपेअर जवळजवळ सगळं नव्याने उतरवून घेतो. शहरातल्या एनबीएन ब्रॉडबँडवर त्याचं काही वाटत नाही. पण देशाच्या आतल्या भागात उपग्रहावरच्या इंटरनेटवर किंवा मोबाइलच्या डेट्यावर दिवस काढणाऱ्या डॉक्टर मंडळींनी आणि खाणीतल्या इंजिनिअरांनी तो चालू करण्याआधी शिल्लक डेटा बघावा.

एकच फाइल उघडत नसेल तर वरचं काहीही करायचं नाही. ती फाइल तुमच्याच नावाने अडवलेली आहे असं वर्ड म्हणत असेल, तर मागच्या वेळी ते धड बंद झालेलं नाही. फोल्डरमध्ये त्याच नावाची, सुरुवातीला नागमोडी चिन्ह आणि डॉलर असलेली लपलेली छोटी फाइल मागे राहिलेली असते. वर्ड पूर्ण बंद करून ती काढली की कुलूप निघतं. फाइल बिघडली आहे असं म्हणत असेल, तर ओपनच्या बटणाशेजारचा बारीक बाण दाबावा. तिथे 'ओपन अँड रिपेअर' आहे. तेही जमलं नाही तर शेवटचा उपाय: २००७ पासूनची डॉक्स फाइल मुळात झिप आहे. तिची एक प्रत करून शेवटचं नाव झिप असं बदललं की ती गाठोड्यासारखी सुटते. आत 'मीडिया' फोल्डरमध्ये फोटो आणि 'डॉक्युमेंट' नावाच्या फाइलमध्ये सगळा मजकूर खुणांच्या गर्दीत का होईना, पण असतो. एखाद्या घराण्याची वंशावळ किंवा आजोबांच्या आठवणी अशा रीतीने बाहेर काढता येतात. मांडणी जाते, शब्द राहतात.

आता मराठीचं. ही पुस्तिका मराठीत लिहायचं खरं कारण हेच. इंग्रजीत वर्डच्या दुरुस्तीची पुस्तकं ढिगाने मिळतात, पण 'फाइल उघडली आणि मराठी गेलं' या दुखण्याला त्यांत जागा नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर इथे आलेल्या पिढीने सोबत सीडी आणल्या: वडिलांच्या कविता, नाटुकल्यांच्या संहिता, जुन्या स्मरणिका. ते सगळं कृतिदेव, श्री-लिपी, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टंकलेलं. या फॉन्टची युक्ती अशी होती की संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजीच टंकत होता. फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांना मराठी सोंग चढवायचा. कृतिदेवची कळफलकाची मांडणी तर सरळ टंकयंत्राचीच. त्यात म साठी 'ई', र साठी 'जे', काना म्हणजे 'के', ठ म्हणजे मोठा 'बी' आणि दीर्घ वेलांटी म्हणजे 'एच'. मग ज्या संगणकावर कृतिदेव नाही, तिथे 'मराठी' हा शब्द ई-जे-के-बी-एच अशा पाच इंग्रजी अक्षरांचा होऊन समोर येतो. फाइल बिघडलेली नाही, व्हायरस नाही. सोंग तेवढं उतरलं आहे.

तेव्हा मराठीच्या जागी काय दिसतंय ते बारकाईने सांगा. अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसत असतील, तर फाइल जुन्या फॉन्टची आहे. तो फॉन्ट मिळवून बसवा, किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा. रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर युनिकोड आहे आणि त्याला देवनागरी येणारा फॉन्ट मिळत नाही. अक्षरं मराठी आहेत पण सुटी सुटी, वेलांटी भलत्या बाजूला, मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ, असं असेल तर जोडाक्षरं बांधणारी यंत्रणाच बंद आहे. विंडोज एक्सपीच्या दिवसांत ती यंत्रणा सीडी घालून मुद्दाम चालू करावी लागायची. अजून कुणाच्या गॅरेजमध्ये तसा संगणक निघाला तर हे दिसेल.

रूपांतर करणारे प्रोग्राम फुकट मिळतात आणि चांगले आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचंही असंच उलटसुलट. प्रोग्राम या अदलाबदलीत अडखळतो. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा र तर हमखास घसरतो. रूपांतर झाल्यावर निदान वेलांट्या, रफार आणि हा र एवढं तरी वाचून काढावं.

आणखी एक गोष्ट, जी फक्त परदेशी विकत घेतलेल्या संगणकावर जाणवते. हार्वे नॉर्मन किंवा जेबी हाय-फायमधून आणलेला लॅपटॉप ऑस्ट्रेलियन इंग्रजीवर बसवलेला असतो. विंडोज २०००पासून आपल्याला सवयीचा झालेला मंगल फॉन्ट विंडोज १० आणि ११ मध्ये मूळ संचात नाही. तो 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या जास्तीच्या गठ्ठ्यात आहे, जो मराठी किंवा हिंदी भाषा जोडल्यावर येतो. तोवर वर्ड मंगलच्या जागी निर्मला वापरतं. मजकूर व्यवस्थित वाचता येतो, पण निर्मलाची रुंदी वेगळी, त्यामुळे ओळी सरकतात, पानं वाढतात, अनुक्रमणिका चुकते. पुण्याहून आलेला लेख इथे उघडल्यावर 'फाइल नीट उघडत नाही' म्हणून संपादक वैतागतो, आणि तिकडे लेखक शपथेवर सांगतो की माझ्याकडे ठीक आहे. दोघंही खरं बोलत असतात. ऑप्शनल फीचर्समधून तो गठ्ठा उतरवून घेतला की भांडण मिटतं. मराठी मंडळाच्या अंकाचं काम करणाऱ्यांनी फॉन्ट कुठला हे लेख मागवतानाच कळवावं. हे पुस्तिकेत तीनदा आलं आहे, आणि मी ते मुद्दाम तसंच ठेवलं आहे.

वर्गणीचा मुद्दा कमी लेखू नये. वर्ड उघडतं, फाइलही वाचता येते, छापता येते, पण एक अक्षर बदलता येत नाही आणि वरची बटणं करडी, असं असेल तर तो बिघाड नाही. वर्गणी संपली आहे. ऑस्ट्रेलियात या वर्गणीवरून बरंच घडलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कोपायलट हा एआय मदतनीस घालून पर्सनल योजनेचा वर्षाचा दर १०९ डॉलरवरून १५९ वर आणि फॅमिलीचा १३९ वरून १७९ वर नेला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या ग्राहक आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, कंपनीला फेडरल न्यायालयात खेचलं. कोपायलट नसलेली, जुन्याच दराची 'क्लासिक' योजना शिल्लक असताना ती सुमारे २७ लाख ग्राहकांपासून लपवली, असा आयोगाचा आरोप. वर्गणी रद्द करायला निघालं तरच तो पर्याय पुढे यायचा. पुढच्याच महिन्यात कंपनीने माफी मागून जुन्या योजनेकडे परतणाऱ्यांना फरकाची रक्कम देऊ केली. तेव्हा "वर्ड आपोआप महाग झालं, म्हणून बंद केलं, आता फाइल लिहिता येत नाही" असा फोन आला, तर त्यात माणसाची चूक शोधू नये. वर्षाला एवढे पैसे घालायचे नसतील तर लिबरऑफिस फुकट आहे आणि मराठीला चांगलं आहे. त्यालाही स्वतःचा सेफ मोड आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं आणि ऑफिस २०१६ व २०१९ चं अधिकृत साहाय्य संपलं. ती त्या दिवशी बंद पडली असं नाही. सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या येणं थांबलं. हे सांगायला हवं, कारण त्या तारखेचा धाक घालून पैसे उकळणारे आहेत.

त्यांच्याबद्दल स्पष्टच लिहितो. वर्ड उघडत नाही म्हणून घाबरलेला माणूस गूगलवर मदतीचा नंबर शोधतो, आणि वर जाहिरातीत आलेला पहिला नंबर फिरवतो. पलीकडचा माणूस नम्र असतो, संगणकाचा ताबा मागतो, लाल खुणांची एक भलीमोठी यादी दाखवतो. ती यादी विंडोजच्या रोजच्या नोंदवहीतली असते. ठणठणीत संगणकावरही ती तशीच दिसते. आपल्या लोकांचा घात आणखी एका गोष्टीने होतो. तो माणूस हिंदीत, क्वचित मराठीतही बोलतो, काका-काकू म्हणतो, आणि परदेशात तेवढ्यानेच जीव विरघळतो. मायक्रोसॉफ्ट आपणहून कुणाला फोन करत नाही, आणि तिच्या खऱ्या इशाऱ्यावर फोन नंबर नसतो. ताबा दिलाच असेल तर इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि स्कॅमवॉच या सरकारी संकेतस्थळावर नोंद करा. ओळखपत्रं गेली असतील तर आयडीकेअर ही संस्था पुढचं मार्गदर्शन करते. लाजून गप्प बसणाऱ्यांचंच जास्त नुकसान होतं.

खात्रीची मदत हवी असेल तर ती जवळच असते. पन्नाशीपुढच्या लोकांसाठी सरकारची 'बी कनेक्टेड' योजना २०१७ पासून चालू आहे आणि ती फुकट आहे. अनेक कौन्सिलांच्या वाचनालयांत ठरल्या वेळी संगणकाच्या अडचणी सोडवून देतात. मुलाला सुनेला सारखं विचारायचा संकोच वाटणाऱ्या आईबाबांनी तिथे जरूर जावं. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी तिथे चालतं. घरातल्याच माणसाने दुरून मदत करायची असेल, तर विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे. भामटेही तेच वापरतात, म्हणून त्याचा आकडा घरच्या माणसाचा आवाज ओळखल्यावरच टाकायचा.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. सुरुवातीला चार तक्रारींचं एक पान आहे. आपली तक्रार त्यात कुठे बसते ते बघून थेट तिकडे जावं. प्रत्येक प्रकरणाच्या आधी 'फोन करण्यापूर्वी लिहून ठेवा' अशी मोकळी चौकट सोडली आहे: पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं, फाइलचं नाव, ती कुठे ठेवली आहे, आणि काल-परवा संगणकात काय बदललं. शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात, "काही नाही केलं" म्हणतात. नवा प्रिंटर, नवं अपडेट, नातवाने उतरवलेला खेळ, तेही लिहायचं. मॅकसाठी वेगळं प्रकरण आहे, पण ते आटोपशीर ठेवलं आहे. तिथेही नॉर्मल साचा हाच मुख्य संशयित, फक्त त्याचं फोल्डर निराळं आणि अडकलेलं वर्ड संपवायच्या कळा निराळ्या. टॅबलेट आणि मोबाइलवरच्या वर्डला यात हात घातलेला नाही.